माईनं न ओतलेलं पाणी

मी एक झारी बोलतेय. तांब्याची, लांब मानेची, बारीक तोटीची. विहाराच्या मागच्या खोलीत फुलांच्या परड्या ठेवतात ना, त्या फळीवर हल्ली माझा मुक्काम असतो. बुडाला बारीकसं भोक पडलंय, पाणी टिकत नाही. पण ज्या पाण्याबद्दल मला सांगायचंय, ते केव्हाच वाहून गेलं आहे. काही तर ओतलंच गेलं नाही.

मला ज्या तांबटानं घडवलं, त्याला बोलायची फार हौस. ठोकताना तो माझ्याशी बोलायचा, बायकोशी बोलायचा, रस्त्यानं जाणाऱ्याशी बोलायचा. माझी तोटी त्यानं इतकी बारीक ओढली की त्याची बायको म्हणाली, "अहो, यातून पाणी यायचं की घाम?" तो हसला आणि म्हणाला, "ज्याला घाई नाही तो घेईल."

मला घेतलं ते एका इस्त्रीवाल्यानं. त्याला घाई नव्हती असं नाही, पण त्याची बायको त्याच्या मागे हात धुऊन लागली होती. झालं असं, की हा गडी कपड्यांवर पाणी मारताना तोंडात चूळ भरून फुर्र करून उडवायचा. त्याचा बापही तसंच करायचा, आजाही तसंच. बायको नवी लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी तिनं ते पाहिलं. "अहो, लोकांच्या कपड्यांवर थुंकता काय?" तिनं कपाळावर हात मारला. "उद्या कुणी पाहिलं तर गिऱ्हाईक राहील का?" तो म्हणाला, "तीन पिढ्या कुणी काही बोललं नाही." ती म्हणाली, "तीन पिढ्यांना सांगणारं कुणी नव्हतं." संध्याकाळी तो मला घेऊन आला.

ही बायको म्हणजेच माई. तेव्हा तिला माई म्हणत नसत, पण माझ्या तोंडी तेच नाव बसलंय.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. मधे मोठं टेबल, त्यावर घडी घातलेली जुनी घोंगडी आणि वर जाड चादर. चादरीवर इस्त्रीच्या टोकाचे तपकिरी डाग. कोपऱ्यात कोळशाचं पोतं. भिंतीला खिळे, खिळ्यांना शर्ट. माझी जागा टेबलाच्या उजव्या कडेला. माईचा हात न बघता माझ्यावर यायचा. मला तिरकं करून ती बोटांवर पाणी घ्यायची, कापडावर शिंपडायची, कापड गुंडाळून बाजूला ठेवायची. दुकानामागे दोन खोल्या, त्यात संसार.

एरवी दुकानात सगळ्या रंगांचे कपडे यायचे. पौर्णिमा जवळ आली की मात्र रंग नाहीसे व्हायचे. पांढरे सदरे, पांढऱ्या साड्या, पोरांचे पांढरे झगे. आमच्या गल्लीतली माणसं पौर्णिमेला विहारात जात, आणि जाताना पांढरं नेसत. डॉक्टर असो की हमाल, सगळे एकसारखे. माईला त्याची गंमत वाटायची. ती म्हणायची, "एक दिवस तरी कपड्यावरून कुणाची ऐपत कळत नाही. फक्त इस्त्री कुणी केली ते कळतं!" आणि स्वतःच हसायची.

मी विहारात गेले ती अपघातानं. वैशाखातली पौर्णिमा होती. पुण्यानुमोदनाची वेळ आली, म्हणजे दिवसभरात जे काही चांगलं केलं त्यात गेलेल्या माणसांनाही वाटा द्यायची वेळ. त्यासाठी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात बारीक धारेनं पाणी ओततात. विहाराची काचेची सुरई कुणाच्या तरी हातातून निसटली आणि फुटली. लोक हात जोडून बसलेले, आणि ओतायला काही नाही. इस्त्रीवाला उठला, पळत दुकानात आला, मला उचललं आणि पळत परत गेला. विहारातल्या भिक्खूंनी, म्हणजे भंतेंनी, मला हातात घेतलं, पाणी ओतलं. धार सुतासारखी बारीक आली, आवाज न करता खालच्या परातीत पडत राहिली. भंते म्हणाले, "ही दर पौर्णिमेला आणत जा."

तेव्हापासून माझे दोन संसार झाले. रोज दुकानात, पौर्णिमेला विहारात.

भंते तेव्हा तरुण होते. आवाज मऊ, पण बोलणं मोजकं. पोरांना जवळ बसवून ते विचारायचे, "सण कशासाठी असतो?" पोरं म्हणायची, सुट्टीसाठी, जेवणासाठी, नव्या कपड्यांसाठी. ते कुणालाच चूक म्हणायचे नाहीत. मग हळूच सांगायचे, "आपण विसरतो म्हणून असतो. रोज विसरतो ते एक दिवस सगळ्यांनी मिळून आठवायचं." त्या दिवशी लोक सकाळीच येत, पाच शीलं, म्हणजे चांगलं वागायचे नियम, घेत, कुणी आठ घेत आणि दुपारनंतर जेवत नसत. मूर्तीपुढे फुलं ठेवत. संध्याकाळपर्यंत ती मान टाकायची, आणि भंते ती लगेच उचलू देत नसत. "ताजी बघितलीत, आता हीही बघा," म्हणायचे. मग शेजारच्या आजाऱ्यांना जेवण पोचवायचं, दिवे लावायचे, शांत बसायचं. आणि शेवटी मी.

वैशाखाच्या पौर्णिमेचं मला फार नवल वाटायचं. सिद्धार्थाचा जन्म त्या दिवशी, ज्ञान झालं त्या दिवशी आणि देह ठेवला तोही त्याच दिवशी, असं सगळे मानतात. तिन्ही एकाच दिवसात. म्हणजे पाळणाही तोच आणि शेवटचा श्वासही तोच. मी झारी, मला काय कळणार. पण माणसांना ते कळतं असंही मला कधी वाटलं नाही.

माईला मुलगा झाला. टेबलाखाली कपड्यांच्या गठ्ठ्यावर झोपून तो मोठा झाला. बापासारखाच हसरा, आणि उष्णतेचा मात्र मनस्वी कंटाळा. "सगळं जग घाम पुसायला कपडे घालतं आणि आपण ते कपडे घाम गाळून तापवतो," असं म्हणायचा. त्याला यंत्रांची ओढ. रस्त्यात कुणाची गाडी बंद पडली की हा तिच्याखाली.

इस्त्रीवाला एका थंडीत न्यूमोनियानं गेला. चार दिवसांचा ताप, आणि संपलं. पुढच्या पौर्णिमेला माईनं मला स्वतःच्या हातानं धुतलं, चिंच लावून घासलं, लख्ख केलं. विहारात भंतेंनी मला तिच्या हातात दिलं. ओतणाऱ्याच्या खांद्याला घरच्या माणसांनी हात लावायचा असतो, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओतल्यासारखं होतं. मुलानं आईच्या खांद्यावर हात ठेवला. माईची धार वाकडी होत होती. मुलगा तिच्या कानाशी म्हणाला, "आई, बाबा असते तर म्हणाले असते, यापेक्षा तोंडानं फुर्र बरं." माई रडता रडता हसली. आजूबाजूच्या दोन-चार बायकांनी वळून पाहिलं. पण मला वाटतं, ते पाणी ज्याला पोचायचं त्याला नीट पोचलं.

पुढे मुलगा मालवाहू बोटीवर लागला, इंजिनाच्या कामाला. महिनोन्महिने बाहेर. यायचा तेव्हा हातांना तेलाचा वास आणि खिशात सुनेसाठी काहीतरी. हो, मधे लग्न झालं होतं. सून शांत, उंच, कामाला वाघीण. इस्त्रीचा हात तिनं माईकडून उचलला तो असा की गिऱ्हाइकाला फरक कळेना. दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहायच्या आणि मी मधे. कधी एकीचा हात माझ्यावर, कधी दुसरीचा. मग त्यांच्यात एक मुलगी आली, आणि टेबलाखालचा गठ्ठा परत भरला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. मला ते तेव्हा कळलं नाही.

बोट वादळात उलटली.

कंपनीचा माणूस दुकानात आला तेव्हा सून एक सदरा इस्त्री करत होती. तो दारातच उभा राहिला. टोपी हातात घेऊन बोलला. काही जण वाचले, काहींचे देह मिळाले. "आणि आमचा?" माईनं विचारलं. तो म्हणाला, "मिळाला नाही. बेपत्ता." सुनेच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. जळका वास सुटला तेव्हा माईनं तिच्या हातावर हात ठेवून ती उचलली. सदऱ्यावर काळं त्रिकोणी भोक पडलं होतं.

"मिळाला नाही ना?" माई त्या माणसाला म्हणाली. "मग झालं तर. मिळाला नाही म्हणजे गेला असं नाही."

तो मान खाली घालून गेला.

त्या वर्षी वैशाखाच्या पौर्णिमेला विहारात दाटी होती. बोटीवरची बहुतेक माणसं आमच्याच भागातली, बरीच घरं उजाड झाली होती. एकेक घर पुढे यायचं, मला हातात घ्यायचं, पाणी ओतायचं. बापानं मुलासाठी ओतलं. एका म्हातारीनं दोन नातवांसाठी ओतलं. मला पुनःपुन्हा भरावं लागलं. मग भंतेंनी मला माईपुढे धरलं.

माईनं हात मागे घेतले. पदराखाली घातले.

"माझा मुलगा मेलेला नाही," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

सुनेनं हात पुढे केला होता. तो अधांतरी राहिला. माईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं, आणि सुनेनंही हात मागे घेतला. भंते मला घेऊन पुढच्या घराकडे वळले.

घरी येताना सून हळूच म्हणाली, "आई, जिवंत माणसासाठीही पुण्य वाटतात म्हणे. भंते सांगत होते."

"वाटत असतील. पण आज त्या रांगेत ज्यांनी ओतलं, त्यांची माणसं गेली. मी ओतलं की लोक म्हणणार, हिनंही सोडला. आणि तो दारात येऊन उभा राहिला तर? तुला मी पाणी सोडून मोकळी झाले होते, असं सांगू त्याला?"

  सुनेला घरात रडायचीही सोय नव्हती. डोळे भरले की माई म्हणायची, "अपशकुनासारखं रडू नकोस. तो येईल." तेवढं ऐकलं की सून उठून मागच्या खोलीत जायची, आणि डोळे पुसून परत यायची. माई मुलाचा पांढरा सदरा दर पौर्णिमेला धुवायची, माझ्यातलं पाणी शिंपडून इस्त्री करायची आणि खिळ्याला टांगायची. दुसऱ्या दिवशी घडी घालून पेटीत. सून तेव्हा दुकानात थांबायची नाही.

नात बोलायला लागली होती. एका वैशाखात फुलं वाहून परत येताना तिनं विचारलं, "आजी, आज बुद्ध जन्माला आले की गेले?"

"दोन्ही."

"मग आज हसायचं की रडायचं?"

माई म्हणाली, "हसायचं." सून काहीच म्हणाली नाही. पोरीनं दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग रस्ताभर तीही गप्प चालली.

अशी काही वर्षं गेली. सुनेच्या अंगावरचं मांस गेलं. तिला भूक नव्हती, झोप नव्हती. एके दुपारी माई बाजारात गेली होती. सुनेनं मला भरलं, मागच्या मोरीपाशी नेलं, पितळी पातेलं खाली ठेवलं आणि पाटावर बसली. तिला मंत्र धड पाठ नव्हते. तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. "तुम्ही कुठं आहात मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण मी आता दमले." आणि तिनं मला तिरकं केलं. धार पडत होती आणि ती रडत होती, तोंडात पदर न कोंबता, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

माई दारात उभी होती. पिशवीतले कांदे खाली सांडले.

"मारलंस त्याला," ती म्हणाली.

"आई..."

"माझ्या झारीनं. माझ्या घरात. मारलंस."

मी त्या दोघींच्या मधे होते, अर्धी भरलेली. माईनं मला हिसकावून घेतलं. उरलेलं पाणी तिनं ओतू दिलं नाही. माझ्या तोंडावर हात दाबून धरला, जणू ते सांडलं तर खरंच काहीतरी होणार होतं. मग दोघी जे बोलल्या ते मी सांगणार नाही. दोघींनाही त्यातलं काही म्हणायचं नव्हतं एवढं मला माहीत आहे.

चार-आठ दिवसांत सून मुलीला घेऊन भावाच्या गावी गेली. तिथं एका मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात तिला काम मिळालं. जाताना ती पाया पडली. माईनं डोक्यावर हात ठेवला. नात मात्र टेबलाचा पाय धरून बसली होती. तिला सोडवून न्यावं लागलं.

मग दुकानात मी आणि माई. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कुणी नाही. माईचे केस बघता बघता पांढरे झाले. सवयीनं ती कधी कधी मला टेबलाच्या मधोमध ठेवायची, दोन हातांना पोचेल अशी. मग लक्षात आलं की परत उजव्या कडेला सरकवायची.

पौर्णिमा ती चुकवत नसे. गल्लीचे पांढरे कपडे इस्त्री करून द्यायची, मला घासायची, विहारात आणून ठेवायची आणि मागे भिंतीला टेकून बसायची. लोक ओतायचे. ती बघायची. काही बायका कुजबुजायच्या, "किती दिवस असं? सोडायला हवं आता." एक शेजारीण तर तोंडावरच म्हणाली, "माई, तुम्ही ओतत नाही म्हणून त्याचा जीव अडकलाय बघा." माई त्या दिवशी घरी आली, दिवा न लावता बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं भंतेंना गाठलं. मला परत न्यायला आली होती, तेव्हा. "भंते, खरं सांगा. मी ओतत नाही म्हणून तो अडकलाय?"

"नाही," भंते लगेच म्हणाले. "असं कुणाला अडकवता येत नाही, माई. एवढी ताकद आपल्यात नसते."

"मग मी चुकतेय का?"

 भंतेही आता म्हातारे झाले होते, गुडघ्यावर हात ठेवून बसत. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "पाणी गेलेल्याला पोचतं का, तेही मी पाहिलेलं नाही. ओतणाऱ्याचं मन हलकं होतं, ते पाहिलंय. पण हलकं व्हायचं नसेल त्याला कोण सांगणार?"

माईनं मला उचललं आणि निघाली. पण त्या दिवसापासून ती भंतेंशी जास्त बोलायला लागली.

पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका जागी राहतात. तो वर्षावास संपतो त्या पौर्णिमेलाही विहारात सण असतो. लोक भिक्खूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, कापड देतात. त्या वर्षी माईनं मला भरून ओसरीवर नेलं, आणि पायऱ्यांवर तिला सून दिसली. हातात कापडाचा गठ्ठा, बरोबर उंच झालेली नात. दवाखान्यातल्या बायकांनी मिळून कापड दिलं होतं, ते पोचवायला ती आली होती. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. नात आजीकडे धावली नाही. ती आईचा हात धरून उभी राहिली, पाहुण्याकडे बघावं तसं.

मला वाटतं, माईला सगळ्यात जास्त तेच लागलं.

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. त्या दिवशी भिक्खू आपसात एक विधी करतात. तो आमच्यासारख्यांसमोर होत नसतो, पण ओसरीवरून दिसत होतं. म्हातारे भंते उकिडवे बसले होते, गुडघे दुखत असून. समोर त्यांचा शिष्य, त्यांच्याहून कितीतरी लहान भिक्खू. आणि म्हातारे भंते हात जोडून त्याला म्हणत होते, की या काळात माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, तुम्हाला तसं वाटलं असेल, तर कृपा करून सांगा. मी सुधारीन. एकदा नाही, तीनदा म्हणाले. मग तो तरुण भिक्खू त्यांना तसंच म्हणाला.

माई हे सगळं बघत होती. ती दर वर्षी या सणाला आली होती, पण दारापलीकडे हे घडतं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिनं मला पायरीवर ठेवलं. सुनेपुढे गेली. म्हातारं शरीर, उकिडवं बसवेना, म्हणून भिंतीचा आधार घेऊन बसली.

"आई, काय करताय? उठा."

"थांब. मला एकदा विचारू दे." माईनं हात जोडले. सून घाबरून मागे सरकली. "माझं काही चुकलं असेल तर सांग, पोरी."

सुनेनं मान हलवली. "नाही हो."

"भंतेंनी तीनदा विचारलं. मीही तीनदा विचारीन. सांग."

सून तिच्यासमोर खाली बसली.  मग म्हणाली, "तुम्ही मला रडू दिलं नाही."

माईनं हात जोडलेलेच ठेवले.

"तुमचा मुलगा होता, मान्य आहे. पण माझाही नवरा होता ना, आई? मी कुठं रडायचं होतं? ही पोर विचारायची, बाबा कधी येणार, आणि मी म्हणायची, येणार. तुमच्या भीतीनं म्हणायची. खोटं बोलून बोलून माझ्या तोंडाची चव गेली."

"आणखी?"

"आणखी काही नाही. एवढंच."

माईनं जोडलेले हात सोडले. "मग रड," ती म्हणाली. "इथंच रड. मी बसलेय."

पण सून रडली नाही. रडली ती माई. अगदी लहान पोरासारखी, नाक पुसायचंही भान न ठेवता. आणि सुनेनं तिला धरलं. नात जवळ आली आणि दोघींच्या मधे जिथं जागा होती तिथं शिरून बसली. मी पायरीवरून पाहत होते. त्या दिवशी माझ्यातलं पाणी ओतायला नेण्याआधी नातीला पाजलं गेलं. तिला तहान लागली होती.

पुढच्या वैशाखात सून नातीला घेऊन सणापुरती आली. माईनंच बोलावलं होतं. सकाळी दोघींनी मिळून मला घासलं. विहारात ओळीनं घरं पुढे येत होती. भंतेंचे हात आता कापायचे, म्हणून तरुण भिक्खू मला धरून फिरत होता. तो माईपुढे आला. माईनं मला घेतलं.

माझ्या अंगावरचा तो हात मी किती वर्षं ओळखत होते! गरम, चरे पडलेला, अंगठ्याला इस्त्रीचा जुना चटका. मला वाटलं, आता ओतेल. लोकांनाही तेच वाटलं असणार, कारण कुजबुज थांबली.

माईनं मला सुनेच्या हातात दिलं.

"तू कर," ती म्हणाली. "तुझं तू कर. माझ्याच्यानं नाही होणार. मी त्याची वाट बघणार आहे, मला तेवढं करू दे. पण तू थांबू नकोस माझ्यासाठी."

सुनेनं विचारलं, "खांद्याला हात तरी लावाल?"

माईनं नकारार्थी मान हलवली. मग तिनं सुनेच्या पाठीमागे बसलेल्या नातीच्या केसांवर हात ठेवला. नातीचा हात आईच्या खांद्यावर होता. एवढंच. ते लावलेलं धरायचं की नाही, ते मला विचारू नका.

सुनेनं ओतलं. धार एकदाही वाकडी झाली नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. दवाखान्यातल्या एका विधुर वॉर्डबॉयनं सुनेला मागणी घातली. ती माईला विचारायला आली. माई म्हणाली, "मला काय विचारतेस? त्याचे कपडे आणून दे, कुठल्या घरात चाललीयस ते कॉलरवरून कळेल मला." कॉलर पाहून ती म्हणाली, "घासून धुतो स्वतः. कर लग्न." लग्नाचे सगळे कपडे तिनंच इस्त्री केले. सुट्ट्यांत नात येऊन राहायची. म्हातारे भंते एका हिवाळ्यात गेले. माईनं त्यांच्यासाठी पाणी ओतलं, अगदी स्थिर हातानं, आणि घरी येऊन नातीला म्हणाली, "बघ, मला ओतता येतं हं. येत नाही असं नाही."

मुलासाठी तिनं ते कधीच ओतलं नाही.

शेवटच्या दुखण्यात ती मागच्या खोलीत पडून असायची. दारावर थाप पडली की मान वळवायची. सून येऊन राहिली होती. तिनं एकदाही म्हटलं नाही की कोण येणार आहे आता. उठून दार उघडायची, बघायची आणि येऊन सांगायची, "दूधवाला आहे, आई." माई म्हणायची, "बरं." असं चाललं होतं, आणि एका सकाळी थाप पडली तेव्हा माईनं मान वळवली नाही.

तिच्यासाठी पाणी नातीनं ओतलं. मी तेव्हाच गळायला लागले होते. धार तोटीतूनही पडत होती आणि बुडातूनही, नातीच्या पांढऱ्या साडीवर डाग पडत होता. तिनं पुसला नाही.

दुकान बंद झालं. मला विहाराला देऊन टाकलं. नवीन स्टीलची झारी आली, तिला झाकणही आहे. मी तिच्यावर रागावले नाही, तिचं काम ती चोख करते. लोक आता जास्त येतात. ओतताना कुणीतरी फोनवर फोटो काढतं. रांग मोठी असते म्हणून लवकर आटपावं लागतं. तरी पांढऱ्या कपड्यांनी विहार भरला की मला अजून बरं वाटतं, आणि कुणाच्या कपड्याची घडी नीट पडली नसेल तर तेही मला दिसतं.

गेल्या वैशाखात मागच्या खोलीचं दार उघडं होतं म्हणून मला सभागृह दिसत होतं. एक बाई भिंतीला टेकून बसली होती, नवीन असावी, मी तिला ओळखत नाही. तरुण भिक्खूनं, आता तोही तरुण राहिला नाही म्हणा, झारी तिच्यापुढे नेली. तिनं हात पदराखाली घेतले. शेजारच्या दोघी-तिघी एकमेकींकडे बघायला लागल्या. एक जण पुढे वाकून काहीतरी विचारणार, तेवढ्यात माईची नात आपल्या जागेवरून उठली. मोठी झालीय ती, चष्मा लागलाय. ती जाऊन त्या बाईच्या शेजारी बसली. तिनं काही विचारलं नाही. स्वतःचे हातही मांडीवर तसेच ठेवले. झारी पुढे गेली, पाणी पडत राहिलं, आणि त्या दोघी शेवटपर्यंत तशाच बसून होत्या.

वाचणाऱ्यांनो, मला भोक बुजवून घ्यायचं नाही, परत टेबलावर जायचं नाही. एवढंच मागते, की पुढच्या सणाला तुमच्या शेजारी असं कुणी बसलेलं दिसलं, तर थोडं सरकून जागा करा. आता या फळीवर फुलं ठेवायला कुणीतरी येतंय. येते मी.